होडीवर कुणी नसतं तेव्हा

होडीसाठी चार्जर घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "किती अँपिअरचा देऊ?" त्याला उत्तर देण्याआधी आपण स्वतःला विचारावं, ही होडी वर्षातला किती काळ एकटी असते? गोव्यात याचं उत्तर बरंचसं पावसानेच ठरवलेलं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पर्यटकांना समुद्रात फिरवणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद. आमच्यासारख्यांची घरची होडी तर गणपती होऊन नदीचं पाणी निवळेपर्यंत जागची हलत नाही. उरलेल्या महिन्यांतही ती चालते किती? शनिवार-रविवार, किंवा कुणी पाहुणा आला तर एखादी संध्याकाळ. होडीवरच्या बॅटरीचं बहुतेक आयुष्य जवळपास कुणी नसतानाच सरतं आणि चार्जरचं खरं काम तेव्हाच चालू असतं. म्हणून तो त्या काळासाठी निवडायचा, असं माझं ठाम मत आहे.

आमची होडी शापोरा नदीत, आगरवाड्याच्या बाजूला असते. बावीस फुटी, फायबरची, मागे बाहेरून टांगलेलं साठ हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. कागदोपत्री ती मामाची, देखभाल माझ्याकडे. मिठागरांच्या कडेने नदीचा एक फाटा आत येतो, त्याच्या बांधाला ती बांधलेली असते. बांधापासून मामाच्या पडवीपर्यंत माडांच्या दोन रांगा. हीच नदी वर दोडामार्गाकडे तिळारी म्हणून ओळखतात. पूर्वी पावसाच्या तोंडावर सगळ्या होड्या ओढून वर घेत आणि झावळ्यांनी शाकारत. रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, अजूनही तसंच करतात. पण एवढी होडी इंजिनासकट वर घ्यायची तर दहा-बारा माणसं लागतात, आणि मे संपताना वाड्यावर तेवढे हात एका वेळी मिळणं दरवर्षी कठीण होत चाललं आहे. पोरं पुण्या-बंगळुरात, नाहीतर जहाजावर. त्यामुळे आमची होडी अलीकडे पावसाळ्यातही पाण्यातच राहते. इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा भाग, वर उचलून ठेवायचा, ताडपत्री बांधायची आणि बाकीचं तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपावर सोडायचं.

तो पंप पावसाला पुरेल का, याचा हिशोब मी एकदा कागदावर मांडला. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. होडीचा उघडा भाग दहा चौरस मीटर धरला आणि दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर आत १००० लिटर पाणी येतं. एक टन. जुलैत असा एखादा दिवस येतोच, आणि वाऱ्याने ताडपत्रीचा एक कोपरा सुटायलाही तेवढाच दिवस पुरतो. पंपाच्या खोक्यावर ताशी ११०० गॅलन लिहिलेलं असतं, म्हणजे चार हजार लिटरच्या थोडं वर. पण पाणी तळातून उचलून नळीने बाहेर टाकायचं असतं, तेव्हा निम्मं धरलेलं बरं. तरीही टनभर पाणी अर्ध्या तासात बाहेर जातं. पंप चारेक अँपिअर खातो, म्हणजे अर्ध्या तासाला दोन अँपिअर-तास, दुकानातल्या बोलीत दोन एएच. १०० एएचच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची म्हटलं तरी असे पंचवीस मुसळधार दिवस ती एकटी निभावून नेईल.

या हिशोबाने चार्जर लागायलाच नको. तरी दर पावसाळ्यात कुणाची ना कुणाची होडी काठापर्यंत भरून चिखलावर बसलेली दिसते आणि तिच्यात पंपही असतो, बॅटरीही असते. मे महिन्यात भरून ठेवलेली बॅटरी जुलैत भरलेली राहत नाही, हे त्यामागचं कारण.

शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये तयार केली. पुढे तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण आतली रासायनिक क्रिया तीच राहिली. वीज वापरली जाते तसं दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते बारीक स्फटिक विरघळून जातात. तशीच आठवडेच्या आठवडे अर्धवट राहिली तर स्फटिक मोठे आणि टणक होतात, प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. नुसती ठेवलेली बॅटरीसुद्धा आतल्या आत उतरत असते आणि उष्णता दर दहा अंशांनी वाढली की हा उतार साधारण दुप्पट होतो. बॅटरी तास-दोन तास स्वस्थ राहू दिली आणि मीटर लावला, तर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. फरक अर्ध्या व्होल्टचा. डॅशबोर्डवरचा दिवा १२ व्होल्टवरही तितकाच लख्ख पेटतो, म्हणून दिवा पेटतो एवढ्यावर विसंबून कुणी होडी पावसात सोडू नये.

इंजिन चालवून बॅटरी भरेल म्हणावं, तर आउटबोर्डचा वीज तयार करणारा आल्टरनेटर लहान असतो. साठ हॉर्सपॉवरच्या मशीनला फार तर पंधरा-वीस अँपिअर, तेही ते जोरात फिरत असेल तेव्हा. खारफुटीच्या कडेने सावकाश पक्षी बघत गेलं की यातला फारच थोडा हिस्सा हाती लागतो, आणि तिथेच मासे शोधणारा फिश फाइंडर, व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस आपापला वाटा घेत असतात.

चार्जरचा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाला, "गाडयेचो चार्जर आसा मरे घरा. तोच लाय." वाड्यावरच्या बहुतेकांचं म्हणणं हेच असतं, म्हणून याला नीट उत्तर द्यायला हवं. गॅरेजात असतो तो साधा चार्जर म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर. बॅटरी भरली आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तो वीज ढकलत राहतो. रात्रभर लावला तर व्होल्टेज १५ च्या पुढे जातं, आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातं आणि प्लेटा उघड्या पडतात. गॅरेजात मेकॅनिक समोर असतो, वेळेवर चिमटे काढतो. होडीत बंद कप्प्यात बॅटरी असते, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पडायचा अवकाश. शिवाय गाडीच्या स्वस्त चार्जरमध्ये घरची २३० व्होल्टची बाजू आणि बॅटरीची बाजू एकमेकींपासून पुरेशी अलग असेलच याचा भरवसा नसतो. पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूला तो लावायचा नाही. मामाला यातलं वायू सुटण्याचं लगेच पटलं. आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाणी घालताना येणारा तो आम्लाचा उग्र वास त्याच्या ओळखीचा आहे.

होडीवर कायमचा बसवायचा चार्जर टप्प्याटप्प्याने काम करतो. आधी तो आपला पूर्ण करंट देतो आणि व्होल्टेज १४.४ च्या आसपास चढवतो. हा बल्क, आणि इथवर बॅटरी ऐंशीएक टक्के भरते. मग व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट आपोआप उतरत जातो. हा अॅब्सॉर्प्शन. भाताचं पोतं तोंडापर्यंत भरलं की पुढचं आदळून, दाबून बसवावं लागतं, तसं हे शेवटचं वीस टक्क्यांचं काम; पहिल्या ऐंशीइतकाच, कधी जास्तच वेळ त्याला लागतो. ते झालं की तो १३.५ च्या आसपास उतरून फ्लोटवर थांबतो. काही चांगले चार्जर त्याहीपुढे जाऊन १३.२ व्होल्टवर बॅटरी ठेवतात आणि आठवड्यातून एकदा थोडा वेळ तिला पुन्हा वर नेऊन आणतात. चार महिने प्लग लावून ठेवायची वेळ येते तेव्हा या शेवटच्या सोयीसाठी मी आनंदाने दोन पैसे जास्त मोजेन. अँपिअरचा आकडा आणि लवकर चार्ज होण्याची जाहिरात या सोयीपुढे मला फारशी महत्त्वाची वाटत नाही.

आता उन्हाबद्दल. चार्जरबरोबर येणाऱ्या पुस्तिकांमधले व्होल्टेजचे आकडे २५ अंश सेल्सिअसला धरून दिलेले असतात. मे महिन्यात दुपारी आमच्या होडीतल्या मागच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवला तर पारा चाळिशीच्या वर जातो. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं. बारा व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण १८ ते २४ मिलिव्होल्ट कमी. चाळीस अंशांना पंधरा अंशांचा फरक, म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा व्होल्ट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण फ्लोटवर महिनोन् महिने राहणाऱ्या बॅटरीला एवढं जास्त व्होल्टेज मिळत राहिलं तर पाणी सतत थोडं थोडं उडत राहतं, आणि उष्णतेने तिचं आयुष्य मुळातच कमी होत असतं. म्हणून तापमान ओळखून व्होल्टेज उतरवणारा चार्जरच घ्यायचा. तापमान तो कुठलं मोजतो तेही विचारायचं. चार्जरच्या आतला सेन्सर चार्जरच्या आसपासची हवा मोजतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर नटाखाली बसणारा वेगळा सेन्सर मिळत असेल तर तो आपल्या हवामानात सर्वांत उपयोगी. थंड देशातल्या माणसाला हा पर्याय चैनीचा वाटेल, कोकण-गोव्यात तो पहिल्या यादीत हवा.

बॅटऱ्यांचं थोडक्यात सांगतो. आमच्याकडे दोन आहेत, एक फक्त इंजिन सुरू करायला आणि दुसरी बाकी सगळ्याला. गाडीची बॅटरी पातळ प्लेटांची, क्षणभर जोर लावण्यासाठी बनवलेली. ती पुन्हा पुन्हा खोलवर उतरवली की लवकर संपते. इन्व्हर्टरची ट्युब्युलर खोल उतरण्याला चांगली, पण उंच, जड आणि आत आम्ल डचमळणारं. शापोऱ्याच्या मुखाशी लाटा आपटतात तिथे ती मला नको वाटते. म्हणून दुसरी बॅटरी एजीएम, म्हणजे काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून धरलेली बंद बॅटरी, घेतली. तिच्यात पाणी घालावं लागत नाही आणि घालताही येत नाही, त्यामुळे जास्त चार्जिंगने उडालेलं पाणी परत मिळत नाही. वरचा उन्हाचा मुद्दा तिला दुपटीने लागू. लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी आणि टिकाऊ आहे, रोज वापर असेल त्याने जरूर घ्यावी. पण उन्हाळ्यात पूर्ण भरून ठेवणं तिला मानवत नाही, निम्मी भरून ठेवावी लागते, आणि आउटबोर्डवरून थेट चार्ज करू नये, मध्ये वेगळा डीसी चार्जर लागतो. आमच्या पडून राहणाऱ्या होडीला शिसंच बरं.

दोन बॅटऱ्या म्हणून चार्जरलाही दोन स्वतंत्र आउटपुट हवे होते. एकीत बिघाड झाला तर दुसरी तिच्याबरोबर उतरू नये. करंट बॅटरीच्या एएचच्या दहा ते वीस टक्के पुरे. म्हणजे आमच्या शंभराच्या बॅटरीला दहा ते वीस अँपिअर.

माझा मामेभाऊ क्रूझ जहाजावर आहे. मायामीला उतरतो तेव्हा तिथल्या होड्यांच्या दुकानात जातो. त्याने तिथून एका चांगल्या चार्जरचा फोटो पाठवला, किंमतही इथल्यापेक्षा बरीच कमी. मी त्याला मागची पट्टी वाचायला सांगितली. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. काही चार्जर १०० ते २४० पर्यंत सगळं घेतात, अमेरिकेतले पुष्कळसे घेत नाहीत. गोव्यात घरोघरी कुणीतरी जहाजावर असतं आणि येताना काही ना काही आणतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

विजेबद्दल आणखी एक. जूनमध्ये आमच्या भागात वीज दिवसातून कितीदा जाते-येते. वीज परत आली की चार्जर आपणहून सुरू झाला पाहिजे आणि आपण ठरवलेली एजीएमची सेटिंग त्याच्या लक्षात राहिली पाहिजे. काही चार्जरना दर वेळी बटण दाबावं लागतं. होडीवर कुणी नसताना ते बटण कोण दाबणार?

शेवटी घेतला तो आयपी ६७ दर्जाचा, आत राळ ओतून बंद केलेला. पाणी आत जायला वाट नाही, पंखा नाही, खारी हवा आत ओढली जात नाही. मात्र पंखा नसल्यामुळे सगळी उष्णता अंगावाटे बाहेर टाकायची असते; जागा कोंदट असली तर तो स्वतःचा करंट कमी करतो. म्हणून मोकळ्या हवेत, उभा, भिंतीवर. बॅटरीच्या थेट वर नको, कारण तिथली आम्लाची वाफ त्याला खाते. पेट्रोलची टाकी असते त्या कप्प्यात तर नकोच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहते. हायड्रोजन हलका, वर चढतो. एका होडीत दोन्ही असतात, आणि दोघांनाही बाहेर जायला वाट ठेवावी लागते. आम्ही स्टिअरिंगच्या कन्सोलच्या आत, उजव्या बाजूला जागा काढली. फायबर पातळ होतं म्हणून आतून मरीन प्लायची फळी बसवली, आरपार बोल्ट घातले आणि भोकांत सीलंट भरलं.

जुनी वायर मात्र बघण्यासारखी होती. इमारतीत वापरतात ती साधी तांब्याची वायर आधीच्या मालकाने घातलेली. मी टोकाला सोललं तर आत तांबं काळं पडलेलं. वीतभर मागे कापलं, तरी काळं. हातभर मागे कापलं, तिथेही बारीक हिरवी पूड बोटांना लागली. खारी दमट हवा टोकातून शिरते आणि तारांच्या मधल्या फटींतून आत आत जात राहते. वरून वायर नवीकोरी दिसते. म्हणून होडीत कथिल चढवलेली तांब्याची वायर घालतात. म्हापशाच्या साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ती मिळाली नाही, मागवावी लागली. जाडीचा हिशोबही करावा. कन्सोलपासून बॅटरीपर्यंत तीन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा. वीस अँपिअरला २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच हरवतो. ६ च्या वायरीत ०.३७, १० च्या वायरीत ०.२२. चार्जर आपल्या टोकाला १४.४ बघतो आणि बल्क संपला असं समजतो, तेव्हा बॅटरीला साडेतेराच मिळत असतात. करंट उतरला की हा तोटाही उतरतो, पण तोवर तासनतास जास्त जातात. आम्ही ६ ची घातली.

थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, बसवायचं काम आमच्या वायरमनने केलं आणि ते मी शेजारी बसून पाहिलं. ओळखीचा माणूस, पण होडीवर काम करायची त्याची पहिलीच वेळ. सवयीने त्याने सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. मी म्हटलं, सोल्डर नको, इथे सतत कंपन असतं, सोल्डर संपतं तिथे वायर मोडते. मग त्याने थिंबल पंच केली, जोर लावून ओढून पाहिली, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. लायटर खाली धरला तशी ती आवळत गेली आणि दोन्ही कडांना पारदर्शक गोंदाची बारीक रेघ बाहेर आली. ती पूर्ण गोल आली की सांधा बंद झाला. एका थिंबलवर ती अर्धीच आली होती. त्याने न सांगता ती कापली आणि नव्याने केली. चांगल्या कारागिराबरोबर काम करण्याचं सुख असं असतं.

फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभराच्या आत बसवला. चार्जर वीस अँपिअर देतो, पण वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर बॅटरी हजारो अँपिअर फेकू शकते. फ्यूज त्या बाजूच्या वायरीला राखायला असतो, म्हणून बॅटरीजवळ. जोडताना आधी बॅटरीची बाजू, मग भिंतीतला प्लग. काढताना आधी प्लग.

आणि आता तो प्लग, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने लिहायचं आहे. बांधावरून होडीत २३० व्होल्ट नेणं हे घरात नवा पंखा लावण्याएवढं सोपं समजू नये. खाऱ्या पाण्यातून वीज माणसाच्या शरीरापेक्षा सहज वाहते, त्यामुळे गळती झाली तर बरीचशी शरीराला वळसा घालून जाते. गोड्या पाण्याचं उलट. त्याच्यापेक्षा माणसाचं शरीर चांगलं वाहक, म्हणून वीज शरीरातून वाट काढते. काही मिलिअँपिअरांनी हातपाय आखडतात आणि पोहणारा माणूस आवाज न करता बुडतो. आपल्या नद्या उन्हाळ्यात मुखाशी खाऱ्या असतात आणि पावसात जवळजवळ गोड्या होतात. चार्जर सतत लावून ठेवायचे दिवसही नेमके तेच. आणि त्याच दिवसांत, २४ जूनला, सांजांव, म्हणजे गोव्यातला सेंट जॉनचा सण. पलीकडे शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात, आणि इकडे आमच्या फाट्यातही पोरं डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून धडाधड उड्या मारतात. म्हणून आमच्याकडे नियम असा: सांजांवाच्या आदल्या संध्याकाळी प्लग घरात येतो, आणि एरवीही कुणी पाण्यात उतरणार असेल तर आधी प्लग काढायचा. मामी हा नियम सगळ्यांत कडक पाळते.

वायरमनने आल्याआल्या म्हटलं होतं, "दादा, चार्जर मागीर, पयली अर्थिंग बघूया." ते बरोबर होतं. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि घरामागचा कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. मीटर लावून पाहिलं, पाणी ओतून पुन्हा पाहिलं, आणि शेवटी बांधाजवळ, जिथे माती बारमाही ओली असते, तिथे नवं अर्थिंग घातलं. होडीच्या लाइनला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवला. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम मामाचं. पडवीतून बांधापर्यंत केबल पाइपातून, पुढे निळा तीन पिनांचा झाकणाचा प्लग, आणि होडीपर्यंतच्या केबलला पुरेसा ढील, कारण उधाणाला इथे भरती-ओहोटीत दोन मीटरचा फरक पडतो. प्लगाआधी केबल खाली झुकवून वळसा दिला, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी गळून जातं. मे महिन्यात ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवायचा, हे वेगळं सांगायला नको.

किनाऱ्याच्या विजेबरोबर अर्थिंगची वायर येते आणि तिच्यातून शेजारच्या होड्यांशी नातं जुळतं. शापोऱ्याच्या किंवा मालीमच्या धक्क्यावर लोखंडी ट्रॉलरच्या शेजारी प्लग लावला, तर दोन धातूंमध्ये बारीक प्रवाह वाहून आपल्या इंजिनाचा अॅल्युमिनियमचा पाय हळूहळू खाल्ला जाऊ शकतो. मध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवला की तो प्रवाह थांबतो. घरच्या बांधावर दुसरं कुणी नाही म्हणून आम्ही तो घेतला नाही. अॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, मात्र जस्ताऐवजी अॅल्युमिनियमचा लावला. हम्फ्री डेव्ही याने १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला ठोकलेलं तांबं असंच दुसरा धातू जोडून वाचवण्याचा प्रयोग केला होता, तेव्हापासून जस्त प्रसिद्ध आहे. पण वर्षातला काही काळ गोड्या होणाऱ्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि ते काम करेनासं होतं.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा संध्याकाळ होती आणि दुसरी बॅटरी निम्म्याहून खाली उतरलेली. क्लॅम्प मीटर वायरीला लावून मी आकडे बघत बसलो. सुरुवातीला करंट पूर्ण, व्होल्टेज १३ च्या आत-बाहेर. रात्री जेवून परत आलो तर व्होल्टेज १४.१ वर थांबलेलं. कप्पा अजून गरम होता आणि चार्जरने आपला आकडा स्वतःच खाली आणला होता, जसा आणायला हवा तसा. मग करंट दहा, सात, चार असा उतरत गेला. सकाळी फ्लोटचा दिवा लागलेला होता आणि चार्जरला हात लावला तर तो नुसता कोमट.

सोलर लावायचं का, असं बरेच जण विचारतात. लावावं. ऑक्टोबर ते मेपर्यंत लहानसं पॅनलही पडून असलेल्या होडीला पुरतं आणि केबलची कटकट वाचते. पण जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि ताडपत्रीखाली पॅनलचा काही उपयोग नाही. पावसाळ्यासाठी किनाऱ्याची वीजच हवी.

आता वाड्यावरच्या आणखी एकाने चार्जर घ्यायचं ठरवलं आहे. तो पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो, ऑक्टोबरपासून रोज, आणि पावसाळ्यात होडी वर घेतो. त्याची गरज आमच्या उलट. त्याला रात्रभरात बॅटरी पूर्ण भरायला हवी, म्हणून करंट जास्त घ्यायला सांगितला, आणि लिथियमचाही विचार करायला. त्याच्या होडीत बॅटऱ्या मागे आणि चार्जरला जागा पुढे आहे, मधलं अंतर पाच मीटर. म्हणजे ६ ची वायर चालणार नाही, १६ चौरस मिलिमीटरची लागेल. ती मागवली आहे. अर्थिंग तपासायला वायरमन रविवारी येतो आहे.